नशीब, डावा हात आहे!

डॉक्टरांनी चांदीची बारीक सळई माझ्या बोटाच्या भोकातून आत सारली आणि ती आत कशाला तरी लागली. टक्.

एवढासाच आवाज. पण खोलीतल्या आम्हा तिघांनाही ऐकू गेला. "ऐकलंत ना?" डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. "हे हाड. उघडं पडलंय."

मी कानांवर जगणारी बाई. तळ्याकाठच्या आमच्या देवळाची घंटा स्वराने किंचित उतरलेली आहे, असं पाद्रीबाबांना तोंडावर सांगून मी त्यांचा राग ओढवून घेतला होता. पण स्वतःच्या हाडाचा स्वर कुठला, ते काही मला त्या घटकेला सांगता येईना. त्यावरूनच मी ओळखलं, की आपण खरंच आजारी आहोत.

"याला व्हिटलो म्हणतात," डॉक्टर म्हणाले. व्हिटलो म्हणजे आपलं नखुरडंच, पण आत मुरलेलं. साधं नखुरडं नखाच्या कडेला होतं, ठणकतं, पिकतं, फुटतं आणि आपण विसरतो. हे बोटाच्या टोकाच्या गरात, अगदी हाडापाशी होतं. पुवाला बाहेर वाट मिळाली नाही, की तो आतल्या आत हाड खायला लागतो. हाड असं मरतं त्याला त्यांनी नेक्रोसिस हा शब्द सांगितला. मला तो एखाद्या परदेशी संताचं नाव वाटला. मनात म्हटलं, बाबा नेक्रोसिसा, एवढं बोट सोड, मी तुला मेणबत्ती लावीन.

हे मी लिहिते आहे ते हातावर पोट असणाऱ्या माणसांसाठी. शिंपी, सोनार, विणकर, वाजंत्री, कोणीही असा. बोट दुखायला लागलं, की माझी ही हकीकत आठवा आणि मी जे जे केलं ते ते करू नका.

मी कोण ते आधी सांगते. आगगाडी ठाण्याला पहिल्यांदा आली, तेव्हा मी आईच्या पोटात होते. आमचं घराणं ठाण्यातलं जुनं ख्रिस्ती. माझे वडील देवळातले संगीतमास्तर. फिडल, ऑर्गन सगळं वाजवायचे, पण जीव होता तो मोठ्या फिडलवर, ज्याला साहेब लोक चेलो म्हणतात. बसलेल्या माणसाएवढ्या उंचीचं, खाली बसून दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं वाद्य. मुलगा होण्याची वाट बघून वडील कंटाळले आणि शेवटी त्यांनी ते माझ्या गुडघ्यांत दिलं.

मडमा चेलो वाजवतात तेव्हा घागऱ्यामुळे दोन्ही पाय एका बाजूला टाकून, घोड्यावर बसल्यासारख्या बसतात. आमचं लुगडं कासोट्याचं. जणू या वाद्यासाठीच कोणी नेसायला शिकवलं. तरी सुरुवातीला पाद्रीबाबांनी मलाही तसं तिरकं बसायला लावलं होतं. तशी वाजवताना मी एकदा देवळाच्या माळ्यावर स्टुलासकट आडवी झाले आणि खाली मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, थांबला. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

वडील गेल्यावर देवळातलं वाजवणं माझ्याकडे आलं. लग्नांत, सणांत वाजवायचे. शिवाय कल्याणला रेल्वेच्या साहेबांची वसाहत होती, तिथल्या मुलींना फिडल आणि चेलो शिकवायला आगगाडीने जायचे. काळ्या कापडात गुंडाळलेला चेलो बायकांच्या डब्यात शेजारी उभा करून बसायचे. एकदा एका म्हातारीने बराच वेळ त्याच्याकडे बघून मला हळूच विचारलं, "सून का? कितवा महिना?" मी म्हटलं, "नववा." तिने कळवळून सरकून जागा करून दिली. कल्याणपर्यंत चेलो ऐसपैस बसून आला.

सासूबाई त्याला 'तुझा दुसरा नवरा' म्हणत. मिठागरावरचे आगरी लोक 'बाईचा भोपळा' म्हणत. आन्तोन, म्हणजे माझा पहिला नवरा, त्याला काहीच म्हणत नसे. देवळात जाताना तो मुकाट्याने खांद्यावर घेऊन पुढे चालायचा. मी नवऱ्याचं नाव लिहिते म्हणून नाक मुरडू नका, त्याची हरकत नाही. मी विचारलेलं नाही, पण नाही.

आता बोटाकडे येते.

तारा दाबून दाबून वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात. कातडी जाड, पिवळट, शिंगासारखी होते. मला त्या घट्ट्यांचा असा काही ताठा होता, की विचारू नका. चुलीतला निखारा डाव्या बोटांच्या टोकांनी उचलायचा आणि पाहुण्यांसमोर आन्तोनची विडी पेटवून द्यायची, हा माझा खेळ. पाहुण्यांच्या बायका "अगं बाई!" करायच्या आणि मी जणू काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने निखारा परत चुलीत टाकायचे. तिशी उलटून गेलेली, दोन लेकरांची आई, आणि अक्कल ही एवढी.

देवळाच्या सणाआधी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा डाव्या तर्जनीच्या टोकात गेला. काटा काढला, बोट चोखलं, कालवणाला फोडणी दिली. दुसऱ्या कोणाचं बोट असतं तर दोन दिवसांत लाल होऊन सुजलं असतं, पिकून फुटलं असतं. माझं दिसायला जसंच्या तसं. वरचा घट्टा म्हणजे दगडी छप्पर. आत काय चाललंय त्याची बाहेर खबर नाही. नुसता ठणका.

सासूबाईंनी लिंबू आणलं. लिंबाला भोक पाडून ते बोटात टोपीसारखं घालायचं, हा आपल्याकडचा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. ते लिंबू घालून मी कल्याणला शिकवायला गेले. माझी शिष्या, एका गार्डसाहेबाची मुलगी, लिंबाकडे बघत सगळं बेसूर वाजवत होती. मी ओरडले, तेव्हा म्हणाली, "मास्तरीणबाई, पण ते तुमचं बोट आहे की लोणचं?" तिला छडी मारावी तर छडी धरायचा उजवा हात गजात, आणि डावा लिंबात.

मग जवसाचं पोटीस झालं. मग कोणीतरी हळद सांगितली, कोणी चुना. ठणका वाढत गेला. हात खाली सोडला की बोट फुटेल असं वाटायचं, म्हणून मी घरात डावा हात वर करून फिरायचे. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, कसली शपथ घेतेस?"

आणि सणाच्या दिवशी मी वाजवलं. हो, वाजवलं. मी नसले तर देवळात संगीत होणार नाही, देव खाली उतरणार नाही, ठाणं बुडेल, अशी माझी समजूत होती. आज सांगते, पाद्रीबाबांनी नुसता ऑर्गन वाजवायला लावला असता तरी देव आलाच असता. मिस्सा चालू असताना बोटातली धडधड एका तालात, ऑर्गन दुसऱ्या तालात, आणि मी मध्ये दात आवळून. शेवटचं भजन संपलं तेव्हा बोटाच्या बाजूने काहीतरी फुटलं आणि तारेवरून ओघळलं. समोर ऑर्गनवर बसलेल्या बाईने ते पाहिलं आणि ती स्टुलावरून उठली ती चक्कर येऊन सरळ खाली.

आन्तोनने त्या दिवशी पहिल्यांदा चेलो माळ्यावर तसाच टाकला आणि मला धरून इस्पितळात आणलं.

तर ती सळई, तो टक् आवाज, आणि डॉक्टर. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, आमच्याच वयाचे, पुण्याकडचे. कमी बोलायचे आणि फार दाबायचे. बोटाचं पेर दाबून विचारायचे, "दुखतं?" मी म्हणायचे, "नाही." पुढचं पेर. "दुखतं?" "नाही." तळवा. "इथे?" "नाही हो." त्यांनी माझ्या कपाळावरच्या घामाकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाले, "यांच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. काखेत अवधाण आलंय, गाठ सुजलीय."

मग त्यांनी हात उजेडात धरला आणि मनगटापासून वर चढणारी तांबूस रेघ आन्तोनला दाखवली. त्याला ते लिंफँजायटिस म्हणाले. जखमेतलं विष अंगातल्या बारीक नळ्यांतून वर सरकायला लागलं, की कातडीवर अशी रेघ उमटते. ती कुठवर जाते यावर पुढचं सगळं अवलंबून. मग त्यांनी मला विचारलं, जेवता कुठल्या हाताने, आणि मी उजवा दाखवला.

"बोट मुळापासून काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "ॲम्प्युटेशन. कापून वेगळं करायचं. विषाचं मूळच गेलं, की काळजी मिटली. आणि नशीब, डावा हात आहे."

आन्तोननेही मान डोलावली. "नशीब, डावा आहे."

मागोमाग येऊन दाराशी उभ्या राहिलेल्या सासूबाई कपाळावर, छातीवर क्रूस करत म्हणाल्या, "देवाची दया. डावाच हात हाय."

वाचणाऱ्याला यात काही वावगं वाटणार नाही, आणि तेच तर सांगायचं आहे. आपण जेवतो उजव्याने, देतो उजव्याने, घेतो उजव्याने, शपथ घेतो उजव्याने. डावा हात कशासाठी असतो ते मी लिहायला नको. लहानपणी डावा हात पुढे केला, की आईची चापट ठरलेली. तेव्हा डाव्याचं एक बोट गेलं तर बाईचं असं काय अडणार? सगळ्या ठाण्यात विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. त्या घटकेला मलाही क्षणभर वाटलं, की खरंच, नशीब.

मग माझ्या ध्यानात आलं, की आपण ज्या बोटाबद्दल बोलतो आहोत ते माझं पहिलं बोट आहे. चेलोवर मोजणी तर्जनीपासून सुरू होते. ते पहिलं बोट जागेवर बसलं, की बाकीची त्याच्यावरून आपापल्या जागा शोधतात. ते गेलं, की घराचा उंबराच गेला.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "आन्तोनची छत्री द्या."

त्यांना वाटलं मला वात झाला. मी खाटेच्या कडेला बसले, छत्री दोन गुडघ्यांत उभी धरली आणि उजव्या हातात टेबलावरची लाकडी पट्टी घेऊन गजासारखी ओढली. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. "हा उजवा," मी म्हटलं. "मोटेचा बैल. नुसता जातो आणि येतो. आणि हा डावा." डाव्याची तीन धड बोटं छत्रीच्या दांड्यावर नाचवली, चौथं सुजलेलं वर धरून. "स्वर हा काढतो. उजवा मजूर आहे, साहेब. धनी डावा."

डॉक्टरांनी माझ्या हातातून पट्टी काढून घेतली.

"अहो बाई, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारलंत, जेवता कुठल्या हाताने."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "भांडायला मातुर दोन्ही हात चालतात तिचे."

डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मला सरळ शब्दांत सांगितलं. बोट ठेवायचं तर ते बाजूने उभं चिरायचं, पू काढायचा, मेलेलं हाड आपण होऊन सुटेपर्यंत जखम उघडी ठेवायची. पण तोवर विषाचं मूळ अंगातच राहणार. रेघ थांबली तर बोट वाचेल. चढत गेली तर आज बोटावर भागलं असतं ते उद्या दंडावर जाईल. आणि परवा कापायला काही उरणार नाही.

"मला बायको हवी," आन्तोन म्हणाला. एवढा शांत माणूस, पण आवाज चिरकला होता. "बोट नको. वाजवणं नको. साहेब, तुम्ही कापा."

मी आज त्याच्या बाजूची आहे. घरी दोन पोरं होती, धाकटी अजून अंगावर पीत होती. पण तेव्हा मी कोण होते! निखारे उचलणारी. मला वाटायचं, मरण ही दुसऱ्या लोकांना होणारी गोष्ट आहे. मी म्हटलं, "मला नऊ बोटांची बायको करून घरात बसवशील, आणि मग रोज मला झेलणार कोण? तू?"

आन्तोनने क्षणभर विचार केला. खोटं सांगत नाही, खरोखरच विचार केला.

शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्या हातावर, रेघ जिथे संपत होती तिथे, शाईची आडवी खूण केली. दुसरी खूण कोपराच्या वळीवर. "आज चिरतो. रेघ या वरच्या खुणेला टेकली, तर मग मी तुम्हाला विचारणार नाही. कबूल?"

आन्तोनने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. "कबूल," दोघं एकदमच म्हणालो. लग्नाच्या दिवशीसुद्धा आम्ही इतकं एका सुरात बोललो नव्हतो.

क्लोरोफॉर्म म्हणजे गुंगीचं औषध. रुमालावर घालून नाकाशी धरतात. वास गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा. भिऊ नका, पहिले चार श्वास गुदमरल्यासारखं होतं, मग काही नाही. पुढचं मला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी चिरायला सुरी लावली तेव्हा मी गुंगीतच खेकसले होते, "मनगट सैल! गज ओढतोस की लाकूड कापतोस?"

"मग?" मी शरमून विचारलं.

"मग काय, मी मनगट सैल सोडलं," ते म्हणाले.

बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर गोमू नावाची आगरी बाई होती. मिठागरावर काम करून तिच्या पायाला न भरणारी जखम झाली होती. तिथल्या खारट पाण्यात उभं राहून राहून पाय फुटतात, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक. ती माझ्या खाटेशी बसून हात निरखायची. माझा डोळा लागला, की राखण करायची.

पहिल्या सकाळी रेघ शाईच्या खुणेच्या वर गेली होती. डॉक्टरांनी तिथे नवी खूण केली. संध्याकाळी ती त्याच्याही वर. आणखी एक खूण. माझा हात शाळेतल्या पट्टीसारखा दिसायला लागला.

त्या खुणांकडे बघत पडले असताना वडील आठवले. मी लहान असताना त्यांनी चेलोच्या मानेवर शाईने अशाच आडव्या खुणा केल्या होत्या, कुठलं बोट कुठे पडायचं ते कळावं म्हणून. मी एकेक जागा पक्की करत वर चढायचे आणि ते खालची खूण थुंकी लावून पुसून टाकायचे. सगळ्या पुसल्या गेल्या, त्या दिवशी आईने सांदणं केली होती. आता तीच चढण माझ्या हातावर चालली होती, आणि मी देवाला विनवत होते, की बाबा, या वेळी मला पुढचा धडा देऊ नकोस.

ताप चढला. बोलणं जड झालं. आन्तोन वॉर्डाच्या दाराबाहेर बाकावर बसून असायचा. आत पुरुषांना ठरलेल्या वेळीच सोडत, पण त्याचा खोकला मला ओळखू यायचा. तो खोकला, की मी इकडून खोकायचे. एवढंच आमचं बोलणं. ठरल्या वेळी तो आत आला, की त्याही तापात मला त्याच्या डोळ्यांतली भीती दिसायची आणि पहिल्यांदाच मला वाटलं, की बोट म्हणून जे मी पैजेवर लावलंय ते सगळं माझं एकटीचं नाही. पण तोंडाने कबूल केलं नाही. माणूस एवढ्या लवकर शहाणा होत नसतो.

रेघ कोपराच्या वळीच्या खाली दोन बोटांवर आली. डॉक्टर संध्याकाळी बघून गेले आणि सकाळसाठी हत्यारं उकळायला सांगून गेले. मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं. माझ्या कानांना काय ऐकू जात नाही?

सकाळी मला जाग आली ती गोमूच्या हलवण्याने. "बाय, उठ गो. रेग बघ. चरली नाय."

चढली नव्हती. मी बघितलं, गोमूने बघितलं, मग आमच्या दोघींच्याही नजरेवर आमचा विश्वास नाही म्हणून तिने पलीकडच्या खाटेवरच्या बाईला बोलावून दाखवलं. रेघ होती तिथेच होती, आणि तांबड्याची गुलाबी झाली होती.

डॉक्टर आले. त्यांनी हात उजेडात धरला, काख चाचपली, आणि दाराकडे बघून म्हणाले, "बाहेर कोण खोकतंय, त्यांना आत सोडा."

पुढचे दिवस कंटाळ्याचे. आजारपणात कंटाळा यायला लागला, की समजावं आपण वाचलो. रोज कार्बोलिकच्या औषधी पाण्याने जखम धुणं. त्या वासाने मला अजूनही भूक लागते, कारण धुणं झालं की पेज मिळायची. एका सकाळी पट्टीबरोबर एक पांढरं कूस बाहेर आलं. डॉक्टरांनी ते बशीत ठेवून मला दाखवलं. मेलेलं हाड. केवढं? भोपळ्याच्या बीएवढं. गोमू खाटेवरून वाकून म्हणाली, "भोपळ्यातनं बी निंगली!" आणि सगळा वॉर्ड हसला, डॉक्टरसुद्धा.

बोट वाचलं. म्हणजे, बरंचसं. टोक बसकं झालं, नख गेलं ते परत आलं नाही. माझी नातवंडं आज त्याला टकलूमामा म्हणतात.

पण बोट वाचणं निराळं आणि वाजणं निराळं. घरी येऊन पहिल्यांदा चेलो गुडघ्यांत घेतला, तर टकलूमामा तारेवर टेकताच मला कळ आली आणि चेलोला रडू. लहान मुलाच्या गालासारखं मऊ टोक, त्याला तार दाबवेना. शिवाय ते आखूड. मी नेहमीच्या जागी ठेवावं, तर ते अलीकडेच पडायचं आणि स्वर उतरायचा. वीस वर्षं मी ज्या जागा डोळे मिटून गाठत होते, त्या सगळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या सरकल्या होत्या.

सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "काय गो, दुसरा नवरा आजारी हाय का?"

मी आन्तोनला टाक आणि दौत आणायला सांगितली. त्याने विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "आण." आणि चेलोच्या मानेवर मी पहिल्यापासून खुणा केल्या. वडिलांनी केल्या होत्या तशाच, फक्त दाणाभर पुढे. कल्याणच्या मुलींना कळलं तेव्हा त्यांना केवढा आनंद! मास्तरीणबाईपण खुणा बघून वाजवतात! पूर्वी त्यांचं बोट चुकलं, की मी गजाच्या काठीने टिचकी मारायचे. आता गार्डसाहेबाची मुलगी माझा स्वर उतरला, की कान टवकारून बघायची आणि खुदकन हसायची. मी म्हटलं, "हस. आणि कितीने उतरला ते सांग." ती म्हणाली, "थोडासा." "थोडासा म्हणजे?" "दाणाभर." तिचा कान तयार झाला तो माझ्या चुका पकडून. पुढे तिच्याइतकं सुरात वाजवणारी दुसरी माझ्या हाताखालून गेली नाही.

आता ज्यांच्यासाठी हे लिहिलं त्यांना दोन गोष्टी सांगते. बोट ठणकतंय आणि वरून काही दिसत नाही, तर लिंबू खा, बोटात घालू नका, आणि इस्पितळात जा. घट्टे असतील तर आणखी लवकर जा. मी दर आठवड्याला टाचा घासायची वजरी घेऊन बोटांचे घट्टे खरवडते. हवेत तेवढे ठेवते, छप्पर होऊ देत नाही. आणि डॉक्टरांनी विचारो न विचारो, आपलं पोट कुठल्या हातावर आहे ते त्यांना आधी सांगा. त्यांना ते ठाऊक नसतं. त्यात त्यांचा दोष नाही. घरच्यांनासुद्धा ठाऊक नसतं.

पुढच्या वर्षीच्या सणाला मी वाजवलं. आन्तोन चेलो खांद्यावर घेऊन माळ्यावर चढला आणि या खेपेला खाली न जाता तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. सबंध मिस्साभर त्याची नजर माझ्या कोपरावर होती.

मिस्सा संपल्यावर जिन्यावर बुटांचा आवाज आला. डॉक्टर. आमचं देऊळ त्यांचं नव्हे, तरी बाहेर ओसरीत उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. सासूबाई लगबगीने पुढे झाल्या. साहेबी रीतीने डॉक्टरांनी मला उजवा हात पुढे केला.

मी डावा पुढे केला.

सासूबाईंच्या तोंडून "अगं बया" निघालं. माझ्या आईने थडग्यातून चापट उगारली असणार. डॉक्टरांनी क्षणभर बघितलं, उजवा हात मागे घेतला आणि आपल्या डाव्या हातात माझा डावा हात घेतला. पण डॉक्टर ते डॉक्टर. अंगठ्याने टकलूमामा दाबून बघितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"दुखतं?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "वाजतं."